एका घराचा आकडा

माझ्या नोकरीचं नाव एका ओळीत मावत नव्हतं, त्यामुळे महाडच्या आमच्या आळीत ते कुणी पुरतं ऐकून घेतलंच नाही. मुंबईच्या एका संशोधन संस्थेचं इथे छोटंसं केंद्र होतं आणि मी त्यात क्षेत्र-तंत्रज्ञ होते. सासूबाई विचारणाऱ्यांना सांगायच्या, "ती गळ्याचे फोटो काढते." शेजारच्या काकूंची समजूत होती की मी हवामान खात्यात आहे, कारण माझ्या हातात नेहमी कसलं तरी मापयंत्र असायचं. दोघींचंही थोडं थोडं बरोबर होतं, म्हणून मी कधी दुरुस्ती केली नाही.

काम असं होतं. दगडातून, मातीतून, आकाशातून, अगदी आपल्या शरीरातूनही थोडे थोडे किरण सतत येत असतात. ते दिसत नाहीत, जाणवत नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी त्यांचा त्रासही नसतो. महाड आणि पोलादपूरच्या डोंगरी गावांतल्या घरांत ते किती आहेत, आणि त्याच घरांतल्या माणसांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची तब्येत कशी आहे, हे दोन्ही एकत्र पाहायचं असा आमचा अभ्यास होता. किरण मोजायला आम्ही घराघरांत बिल्ले वाटायचो. बिल्ला म्हणजे प्लास्टिकची एक चपटी डबी, आत बारीक चकत्या. अंगावर पडतील ते किरण या चकत्या मुकाट्याने साठवून ठेवतात. तीनेक महिन्यांनी त्या प्रयोगशाळेत तापवल्या की साठवलेलं सगळं उजेडाच्या रूपाने बाहेर येतं. जेवढा उजेड, तेवढे किरण. गळा तपासायला मात्र सोनोग्राफी. त्यात किरण नसतातच, असतो तो कानाला न ऐकू येणारा आवाज. हे वाक्य मी इतक्या ओट्यांवर बसून सांगितलंय की झोपेतही बिनचूक म्हणेन.

लोक एकेक नमुने भेटायचे. हिरकणीवाडीत एका झुणका-भाकरवाल्याने आमचा बिल्ला घरात न टांगता टपरीच्या दर्शनी खांबाला टांगला. गडावर जाणारे पर्यटक विचारायचे, हे काय? तो सांगायचा, "सरकारी मशीन हाय. खाणं शुद्ध हाय का ते बघतं." त्याचा धंदा वाढला आणि आमचा एक बिल्ला फुकट गेला. वरंधच्या अलीकडच्या एका गावात एक गृहस्थ शिबिराला बैल घेऊनच आले. "माझा गळा ऱ्हाऊ द्या, याचा बघा. चारा गिळत नाय." मी बघितलासुद्धा. सोनोग्राफीचं जेल भरपूर संपलं, दिसलं काहीच नाही, पण त्या दिवसापासून गावातली सगळी बायामाणसं न लाजता तपासून घ्यायला पुढे आली. हे आमच्या अहवालात कुठे लिहिलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते कुडपणच्या अंगाला असलेल्या एका वाडीतल्या घराबद्दल.

घर पार्वतीबाईंचं. साठीच्या पुढच्या, ताठ पाठीच्या, कमी बोलणाऱ्या. नवरा वारलेला, मुलगा महाडच्या कारखान्यात पाळीवर, आणि घरात सून सुनंदा. सुनंदा वरंधची, लग्नाला फार दिवस झालेले नव्हते, आणि पहिलटकरीण. या घराण्याला गावात मान होता. ग्रामदेवतेची पेटी त्यांच्या माजघरात असायची. तिच्यात देवीचे चांदीचे मुखवटे, वस्त्रं आणि शिमग्याच्या पालखीचं सामान. पेटी उघडायची ती वर्षातून एकदा, शिमग्याला, तीही देवीला कौल लावून, म्हणजे देवीची परवानगी घेऊन. एरवी तिला कुणी हात लावायचा नाही. मी बौद्ध घरातली, आमच्याकडे देव्हारा नाही की कौल नाही, त्यामुळे या गोष्टी मी पाहुण्यासारख्या ऐकून घ्यायचे आणि पुढच्या कामाला लागायचे.

बिल्ला देताना आम्ही सगळ्यांना दोन वाक्यं सांगायचो. एक, माणसं वावरतात त्या खोलीत खुंटीला टांगा. दोन, नीट सांभाळा, महागाची वस्तू आहे, परत द्यायची आहे. पार्वतीबाईंनी दोन्ही नीट ऐकून घेतली. मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा बिल्ला माजघराच्या खुंटीला सरळ टांगलेला, त्यावर धुळीचा कण नाही. बाकी घरांतले बिल्ले चुलीच्या धुराने काळे व्हायचे, पोरं चावायची, एकाला तर कोंबडीने चोच मारली होती. पार्वतीबाईंचा बिल्ला मी इतरांना उदाहरण म्हणून सांगायचे.

पहिल्या बिल्ल्याचा आकडा आला तो शेजारच्या घरांच्या कित्येक पट. आमच्या धंद्यात एक जास्तीचा आकडा म्हणजे चूक समजतात. दुसरा बिल्ला दिला. तो परत घ्यायच्या सुमारास वाडीत सोनोग्राफीचं शिबिर झालं आणि सुनंदाच्या गळ्यात मला एक गाठ दिसली. छोटीशी, कडा स्वच्छ. अशा गाठी पुष्कळ बायकांना असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात, तरी सुईने पाणी काढून तपासायची चिठ्ठी मी दिली. पोटातल्या बाळाला त्या तपासणीचा धोका नाही हेही समजावलं. सुनंदा हसून म्हणाली, "गाठ काय, आईंच्या हातचं खाऊन गळाच सुजलाय." सासू-सुनेचं गूळपीठ होतं, हे तेव्हाच कळलं.

मग तो दिवस आला. मी पार्वतीबाईंच्या ओटीवर बसले होते, हातात चहा. वाडीत रेंज मिळते ती त्या ओटीच्या एका कोपऱ्यातच, आणि तीही फोन स्पीकरवर ठेवून दूर धरला तरच. आमच्या साहेबांचा मुंबईहून फोन आला. भौतिकशास्त्रातला मोठा माणूस, पण आवाज असा की शेजारच्या वाडीला ऐकू जावा.

"दुसरा बिल्लाही तसाच आलाय," ते म्हणाले. "आणि त्याच घरात गाठवाली पेशंट आहे ना? गरोदर? मग तूर्त तिला तिथून हलवायला सांगा. घर रिकामं केलं तर उत्तम."

मी फोन कानाला लावेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ओटीवर दोन शेजारणी होत्या. सुनंदा दारात उभी होती, हात पोटावर. पार्वतीबाईंच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. मी म्हटलं, मावशी, अजून काही पक्कं नाही, आधी मी मीटर घेऊन येते, घर मोजते. त्यांनी मान हलवली. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही, याचं मला नवल वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी वरंधहून सुनंदाचे वडील गाडी घेऊन आले. सुनंदाच्या नवऱ्याला पाळीवरून सुटी मिळाली नाही. सुनंदा जायला तयार नव्हती. सासूकडे बघत राहिली, की त्या काहीतरी बोलतील. पार्वतीबाई बोलल्या नाहीत. हे मला नंतर वाडीच्या आशाताईंनी, म्हणजे सरकारी आरोग्यसेविकेने, सांगितलं. "रडत गेली ओ पोर. म्हणाली, आई एक शब्द बोलल्या असत्या तर मी गेले नसते."

वाडीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे घराखाली काहीतरी पुरलंय. कुणी म्हणे देवीचा कोप. शिमगा तोंडावर, आणि किरणांच्या घरातली पेटी गावाने कशी न्यायची, यावर बैठका. घरी येणारंजाणारं माणूस तुटलं. माझ्या झोपेचं तर खोबरं झालं. आमचा आकडा खरा असेल तर एका घरातली माणसं धोक्यात होती, आणि खोटा असेल तर आम्ही एक घर मोडलं होतं.

मीटर घेऊन गेले ती सकाळ मला आठवते. हे यंत्र हातात धरायचं, किरण आला की टिक् असा आवाज करतं. कुठेही धरा, थोडी टिकटिक असतेच. ओटीवर नेहमीची टिकटिक. भिंती नेहमीच्या. जमीन नेहमीची. सुनंदा झोपायची त्या खाटेवर तर मी पाऊण तास बसून राहिले, काही नाही. मला हायसं वाटलं आणि डोकंही चक्रावलं. मग बिल्ले आले कुठून एवढे किरण खाऊन?

माजघरात कोपऱ्याकडे वळले आणि टिकटिक वाढली. एक पाऊल पुढे, आणखी वाढली. समोर देवीची पेटी होती, पत्र्याची, लाल कापडाने झाकलेली. मीटर जवळ नेला तर कढईत लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट. दारात जमलेल्या बायकांनी हात जोडले. एक म्हातारी म्हणाली, "बोलाय लागली गो बाय, बोलाय लागली."

मी घाईने आवाजाचं बटण बंद केलं. तर म्हातारी रागावली. "बोलत हुती ती गप कशापायी केलीस?"

आता झाली पंचाईत. पेटी उघडल्याशिवाय माझं काम पुढे जाणार नव्हतं, आणि शिमग्याआधी पेटी उघडणार नव्हती. मी गावकऱ्यांना विनंती केली. पाटलांनी गुरवांकडे पाहिलं, गुरव म्हणाले, "कौल लावू. देवी व्हय म्हणली तर उघडा." साहेबांना फोनवर कळवलं की परवानगीसाठी अर्ज देवीकडे गेलाय. ते इतके घाबरलेले होते की हसलेही नाहीत.

देवळात पहिल्यांदाच मी एवढी आत बसले. मला वाटलं होतं कुणी काही म्हणेल. कुणी काही म्हटलं नाही, उलट गुरवांनी मलाच पुढे बोलावलं. "गरज तुमची, तवा सवाल तुमचा. पन येकच इचारा. येका कौलात दोन सवाल चालत नाय." मला जरा गंमत वाटली. आम्हाला प्रश्नावली करायला शिकवताना पहिला नियम हाच सांगितला होता. मी नीट शब्द जुळवून सांगितलं: देवीची पेटी मी आज उघडून पाहावी का?

गुरवांनी पाषाणाच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी पाकळ्यांकडे अशी बघत होते की जणू बारावीचा निकाल आहे. विश्वास नसणाऱ्या माणसाची ही अवस्था.

डावी पडली.

गुरव हळूच म्हणाले, "नाय म्हणते." मी डोळे मिटून घेतले. आता शिमग्यापर्यंत थांबायचं, तोवर सुनंदा बाहेर, घर वाळीत, आणि साहेब मुंबईहून कुणाकुणाला कळवणार कोण जाणे. तेवढ्यात मागून पार्वतीबाईंचा आवाज आला. त्या बायकांतून उठून पुढे आल्या होत्या आणि पदर तोंडाशी धरला होता.

"ती तुमाला नाय म्हणत नाय, बाय. ती माला सांगते," त्या म्हणाल्या. "पेटी मी उघडलीय. बिनकौलाची. येकदा नाय, कितीतरी येला."

बायकांत कुजबुज उठली, तरी त्या बोलतच राहिल्या.

"ह्यांनी तो बिल्ला दिला, म्हणाल्या महागाचा हाय, सांभाळा. घरात उंदीर, पोरांची ये-जा. मंग सांभाळायची जागा कुठली? देवीच्या पेटीपरीस राखणीची जागा नाय घरात. ठेवला आत. ह्यांची जीप घाटात वाजली की काढायचा, खुंटीला लावायचा. गेल्या की पुन्हा आत." त्या माझ्याकडे वळल्या. "तुमी इचारलंत, खुंटीला असतो का. मी व्हय म्हणले. मंग सुनेच्या गळ्याला गाठ निघाली, आन मी वळखलं. माजंच पाप तिच्या गळ्याशी आलं. कुठल्या तोंडानं तिला ऱ्हा म्हणू?"

सांगते, मला त्या क्षणी रडू आलं. मी एवढे दिवस समजत होते की ही बाई किरणांना घाबरलीय. किरणांची तिला पर्वाही नव्हती. ती आम्ही दिलेली डबी जिवापाड जपल्याबद्दल स्वतःला गुन्हेगार ठरवून बसली होती, आणि सुनेला अडवायचा हक्क आपल्याला उरला नाही असं धरून चालली होती.

गुरवांनी पाषाणावर उरलेली पाकळी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "राखणीला ठेवलास ना? चोरीला नाय ना? मंग देवीसमोर बोललीस, झालं. आता तूच उघड." पाटलांनी मान डोलावली. या खेपेला कौल कुणी लावला नाही.

पेटी पार्वतीबाईंनी उघडली. वर वस्त्रं, खाली मुखवटे, आणि तळाशी एका जुन्या पंच्यात बांधलेलं गाठोडं. मीटर त्याच्यावर धरला आणि काटा जाऊन टेकला. गाठोडं सोडलं तर आत गॅसबत्तीच्या मेंटलची पाकिटं. ढीगच. पूर्वी पालखी गॅसबत्त्यांच्या उजेडात नाचायची. मुंबईकर चाकरमानी दर शिमग्याला येताना मेंटलं आणायचे, कमी पडू नयेत म्हणून जास्तच आणायचे. मग जनरेटर आला, बल्ब आले, गॅसबत्त्या भंगारात गेल्या, पण देवीच्या नावाने आलेली वस्तू टाकायची कशी? म्हणून उरलेली सगळी मेंटलं पेटीत राहिली.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि हसत सुटले. बायकांना वाटलं माझ्या अंगात आलं.

गॅसबत्तीचं मेंटल म्हणजे ती जाळीची छोटी पिशवी, जी पेटली की पांढराफेक उजेड देते. तो उजेड येतो थोरियम नावाच्या धातूच्या क्षारामुळे, आणि थोरियममधून किरण येतात. फार नाही. आमच्या प्रशिक्षणात मीटर चालतोय का हे पाहायला आम्हाला जुनं मेंटलच देत असत. एका मेंटलने काही होत नाही. पण ढीगभर मेंटलांना चिकटून तीन तीन महिने ठेवलेला बिल्ला दुसरा कुठला आकडा दाखवणार? मी पेटीपासून दोन पावलं मागे सरले, मीटरचा आवाज पुन्हा सुरू केला आणि सगळ्यांना ऐकवला. नेहमीची टिकटिक. माणसांना लागत नव्हतं ते, बिल्ल्यालाच लागत होतं.

साहेबांना फोन केला. मेंटलांचं सांगितलं. मग ते म्हणाले, "थँक गॉड." आणि मग, इतक्या हळू आवाजात की मी त्यांना पहिल्यांदाच असं ऐकलं, "मी तसं फोनवर बोलायला नको होतं हो." मी म्हटलं, ते वरंधला जाऊन सांगायला हवं. ते खरंच यायला निघाले होते, मीच नको म्हटलं. मेंटलं मी डब्यात भरून रीतसर संस्थेकडे पाठवली. पाटलांनी त्याची पावती देवीच्या पेटीत ठेवायला मागून घेतली.

त्याच आठवड्यात सुनंदाने माहेरून जाऊन करून घेतलेल्या सुईच्या तपासणीचा निकाल आला. साधी गाठ, काही करायची गरज नाही, वर्षाने एकदा बघून घ्या. एवढे अहवाल वाचले आयुष्यात, पण त्यातल्या त्या एका ओळीवर मी दोनदा बोट फिरवलं.

मी पार्वतीबाईंना जीपमध्ये घातलं आणि वरंधला निघाले. घर आलं तेव्हा उतरायला तयार होईनात. "तुमी जा. माजं तोंड बघून ती आजून रागावंल." मी एकटीच पायऱ्या चढले.

सुनंदाचे वडील सरळ माणूस, पण मुलीच्या बापाने असायला हवेत तेवढे संशयी. मी त्यांना अहवाल दाखवला, मेंटलाचं सांगितलं, मीटरचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, तुमची पोर असती तर धाडली असती का त्या घरात?" मी म्हटलं, आजच्या आज. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मग सैलावून भिंतीला टेकले.

सुनंदा आतल्या दाराशी उभी राहून ऐकत होती. गाठीबद्दल तिने काही विचारलं नाही, किरणांबद्दलही नाही. म्हणाली, "आई एक शब्द बोलल्या नाय मला. का, ते सांगा."

मग मी तिला देवळातलं सांगितलं. पार्वतीबाई सगळ्या गावासमोर काय बोलल्या, ते जसंच्या तसं. 'कुठल्या तोंडानं तिला ऱ्हा म्हणू' हेही.

"आन आता आई कुठं हायत?" तिने विचारलं.

मी खिडकीतून खाली जीपकडे बोट दाखवलं. पार्वतीबाई मागच्या सीटवर बसल्या होत्या, काच खाली, नजर समोर. सुनंदा कुणाला काही न सांगता पायऱ्या उतरली, त्या अवघडलेल्या अंगाने, कठड्याला धरत. पाठोपाठ तिची आई पिशवी भरायला आत पळाली. मी वरूनच पाहिलं. सुनंदाने जीपचं दार उघडलं आणि सासूला म्हणाली, "सरका पलीकडं, आई. दोघींना बसायचंय."

आमच्या अभ्यासातून त्या घराचा आकडा वगळला. छापलेल्या निबंधात तळाला बारीक अक्षरात एवढंच आहे की एका घराची नोंद बाह्य कारणामुळे घेतली नाही. निबंधाची प्रत वाडीला कुणी दिली नाही, याची चुटपुट मला अजून आहे. पण त्या दिवशी परतीच्या घाटात मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, आणि मागे दोघी सगळा रस्ता भांडत होत्या: बाळंतपण वरंधला करायचं की सासरी. मी मागे वळून पाहिलं नाही. तसं भांडण ऐकायला मिळावं म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं, आणि ते मला फुकट मिळत होतं.